बुधवारचं पाणी

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, साप्ताहिकात ओलेथा स्टिल्टनरबद्दल जे छापून आलं ते मी शेगडीत घातलं. "वृद्ध महिलेच्या जुन्या संगणकामुळे गोंधळ" म्हणे. लिहिणारा बाबा आमच्या दरीत उतरलासुद्धा नव्हता, वरच्या रस्त्यावर गाडीत बसून फोटो काढले आणि गेला. त्याला काय माहीत ओलेथामावशी कोण आहे ते! म्हणून मी लिहिते.

आमची दरी म्हणजे स्कॅग्ज फोर्क ओढ्याच्या दोन्ही काठांना चिकटलेली घरं. काही पक्की, बरीचशी चाकांवरची, म्हणजे ट्रेलर. मोबाइलची रेघ इथे येत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि वरच्या डोंगरांची डोकी कोळशाच्या कंपनीने कापून नेलेली. झाडं नाहीत, माती नाही, तेव्हा वर पाऊस पडला की पाणी थांबायला जागाच नाही. ते सरळ आमच्या अंगावर येतं. खाली नुसती भुरभुर असते, तरी ओढा अंगणात येऊन उभा.

ओलेथामावशीच्या लहानपणी असाच ओढा आला आणि तिची धाकटी बहीण पाळण्यासकट घेऊन गेला. हे ती स्वतः कधी सांगत नाही. मला माझ्या आईने सांगितलं. पुढे मावशीने जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या बिया शिजवल्या, मक्याचा पाव भाजला, नवरा खाणीत गेला तो परत आला नाही, मुलं शहरात पांगली. एवढं सगळं होऊनही बाई वाकली नाही. पण पाऊस पडायला लागला की ती बसू शकायची नाही. पूर्वी ती हातात पातेलं आणि डाव घेऊन काठाकाठाने बडवत जायची. नंतर गुडघे गेले आणि घरोघर फोन आले, तेव्हा तिने रिंगांची पद्धत काढली.

पद्धत अशी. पाऊस असला की मावशी प्रत्येक घरी फोन लावणार. दोन रिंगा वाजल्या आणि बंद झाला, तर ओढा शांत आहे, उचलायचं नाही, आपलं काम करा. तिसरी रिंग वाजली, तर उचला, आणि उचलला नाही तरी निघा. एवढंच. तिच्या दोन रिंगांवर आमची दरी झोपायची. दोन रिंगा झाल्या की बायका ओसरीतल्या दोरीवर कपडे टाकायच्या, माणसं डुलकी काढायची. दवाखान्यातल्या डॉक्टरवर विश्वास नसलेली माणसं, सरकारच्या नावाने खडे फोडणारी माणसं, पण मावशीच्या दोन रिंगा म्हणजे संपलं.

आधी ती खिडकीतून ओढा बघून फोन करायची. मग आम्ही मोर्चे काढून, काउंटीच्या कचेरीत ठिय्या देऊन, राज्याकडून वरच्या पुलावर पाण्याची उंची मोजणारा डबा बसवून घेतला. त्या डब्यासाठी मी दोनदा कोठडीत गेले आहे, हे सांगायला मला लाज नाही. डबा पाणी मोजतो, आकडा राज्याच्या वेबसाइटवर जातो, आणि तिथे ओढ्याची रेघ दिसते. रेघ आडवी तर ठीक. रेघ वर चढली की पळा. शाळेने मोडीत काढलेला एक संगणक मावशीने उचलून आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला, आणि ओढ्याचं पान उघडून ठेवलं. ते पान वर्षानुवर्षं तिथे उघडंच होतं.

संगणक जुना आणि त्यातला ब्राउझर त्याहून जुना. तिच्या शेजारच्या भाच्याने एकदा तो नवीन करून दिला होता, तर तिची जपून ठेवलेली सगळी पानं नाहीशी झाली आणि अख्खा दिवस ओढा सापडेना. मावशीने त्याला घराबाहेर काढला आणि सगळं पूर्वीसारखं करून घेतलं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "चालतंय ना? मग हात लावू नका."

पण चालत नव्हतं. हळूहळू जग त्या खिडकीतून निसटत चाललं होतं. बियाण्यांच्या दुकानाचं पान उघडलं की टोमॅटोच्या जागी रिकामे चौकोन. निवृत्तिवेतनाच्या पानाने तर आतच घ्यायचं नाकारलं. चर्चच्या पत्रकातली अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली. वर एक पिवळी पट्टी यायची, की तुमचा ब्राउझर जुना आहे, काही गोष्टी नीट दिसणार नाहीत, धोका आहे. मावशी ती पट्टी रोज सकाळी माशी हाकलावी तशी बंद करायची.

"मावशी, ते काहीतरी सांगतंय तुला," मी एकदा म्हटलं.

"मला रोज कुणी ना कुणी काहीतरी सांगतं. टीव्ही सांगतो की मला नवीन गादी हवी. तू सांगतेस की मला मोर्चात यायला हवं. सगळ्यांचं ऐकत बसले तर पाव करपेल."

मी हसले आणि कॉफी प्यायले. विषय तिथेच राहिला.

तो शनिवार मे महिन्यातला. खाली आमच्याकडे छत्री उघडावी का नाही इतकाच पाऊस. मी डोंगरापलीकडून एका बैठकीहून परत येत होते. पलीकडे मात्र आभाळ रात्रीपासून फाटलेलं होतं. वरच्या पुलावर आले आणि माझ्या पिकअपचा ब्रेक मी असा दाबला की मागचा फळ्यांचा ढीग काचेवर आदळला. ओढा पुलाच्या तुळयांना लागला होता. कॉफीच्या रंगाचं पाणी, त्यात झाडं मुळांसकट, कुणाच्या तरी अंगणातला झोपाळा. आमच्या डब्याचं झाकण तेवढं वर दिसत होतं.

पुलापासून खालच्या घरांपर्यंत पाणी यायला थोडा वेळ लागतो. फार नाही. गाडी पाण्याच्या पुढे राहू शकते, एवढाच काय तो वेळ. मी मनात म्हटलं, मावशीने रेघ बघितली असेल, सगळे निघाले असतील. तरी वळणं घेत खाली आले तर लोक वाटेत दिसेनात. एक बाई ओसरीवर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. तिने मला हात केला! मी गाडी न थांबवता ओरडले, "ओढा आलाय! निघा!" तर ती हसून म्हणते, "दोन रिंगा झाल्या की गं!"

मी हॉर्न दाबून धरला आणि गाडी मावशीच्या घराकडे मारली.

मावशीचं घर मधल्या चढावर, ओढ्यापासून उंच. मी दार ढकलून आत गेले तर बाई टेबलाशी बसून बिस्किटांचं पीठ मळत होती.

"पाय पूस," ती म्हणाली.

"मावशी, दोन रिंगा कुणी दिल्या?"

"माझ्याशिवाय कोण देणार? आत्ताच संपवल्या सगळ्या."

"ओढा पुलाला लागलाय!"

तिने पिठाचे हात तसेच वर धरले आणि संगणकाकडे हनुवटी केली. "बघ की. सपाट आहे. टेबलासारखी."

रेघ खरंच सपाट होती. निळी, शांत, शहाण्या मुलीच्या भांगासारखी. मी खिडकीशी धावले. खाली ओढा नेहमीसारखाच वाहत होता, थोडा गढूळ, एवढंच. पाणी अजून इथवर आलं नव्हतं.

"मी डोळ्यांनी बघून आलेय!"

"ड्रेमा, तू कंपनीच्या त्या कोळसा धुतलेल्या पाण्याच्या तळ्याबद्दलही म्हणाली होतीस की फुटणार, फुटणार. अख्ख्या दरीला रात्रभर शाळेत बसवलंस. माझ्या हातचा सगळा घेवडा संपला त्या रात्री."

"ते तळं गळत होतं!"

"फुटलं नाही ना?"

मला असा राग आला की पिठाची परात उचलून फेकावीशी वाटली. इथे भांडायला वेळ नव्हता आणि ही बाई माझा हिशोब काढत बसली होती. मी पडद्यावर नाक टेकवलं. रेघेखाली दोन ओळी एकावर एक चढून बसल्या होत्या, काळ्या मुंग्यांच्या रांगेसारख्या. त्यांतून मला एक शब्द सोडवता आला.

"मावशी, आज वार कोणता?"

"शनिवार. का?"

"इथे बुधवार लिहिलंय."

ती उठली. चष्मा कपाळावरून खाली ओढला, काचेला पीठ लागलं. ती वाकून बघत राहिली. मग तिने माउस हलवला, पान पुन्हा मागवलं. एक चौकट आली: पान मिळत नाही, साठवलेलं दाखवू का? तिचं बोट सवयीने 'हो'वर गेलं, आणि तसंच थांबलं.

"हे... हे रोज विचारतं," ती म्हणाली. "बुधवारपासून."

पुढे मला लायब्ररीतल्या बाईने समजावून सांगितलं. राज्याने बुधवारी साइटचं कुलूप बदललं होतं, चोरांपासून जपायला. नव्या ब्राउझरांकडे नवी किल्ली होती. मावशीच्या ब्राउझरकडे नव्हती. दार उघडेना तेव्हा तो आपल्या पोटात साठवलेलं जुनं पान काढून दाखवत होता. डबा पुलावर इमानाने पाणी मोजत होता, आकडा राज्यापर्यंत पोचत होता, सगळ्या जगाला दिसत होता. फक्त ज्या एका टेबलावर तो दिसायला हवा होता तिथे बुधवार होता.

पण हे नंतरचं. त्या घटकेला मावशीने ना डोकं धरलं ना देवाचं नाव घेतलं. पिठाचे हात तिने झग्याला पुसले आणि फोन ओढला.

"वरच्यांना की खालच्यांना?" मी विचारलं.

"वरच्यांना. त्यांच्याकडे आधी येणार." तिला सगळे नंबर बोटांत पाठ होते. एक, दोन, तीन, चार रिंगा. "निघ. पोरांना घे, गाडी राहू दे, डोंगरावर चढ. हो, मीच बोलतेय. नाही, दोन खोट्या होत्या. निघ!" ठेवला. पुढचा. "निघ. मांजर राहू दे. मग मांजर घे, पण निघ!" ठेवला. पुढचा.

तिचा आवाज कापत नव्हता. मान मात्र लाल झाली होती. खिडकीतून मला वरच्या वळणावर माणसं डोंगराच्या उतारावरून वर चढताना दिसायला लागली. कुणी मूल काखेत घेतलेलं, कुणी टीव्ही.

मग ती थांबली. फोन कानाला, चेहरा दगड.

"कोण?" मी म्हटलं.

"बर्ल. लागत नाही. गुंतलेला येतोय."

बर्ल हॅचर सगळ्यात खाली राहतो, ओढ्याला अगदी लागून ट्रेलरमध्ये. खाणीत फुप्फुसं घालवून बसलेला माणूस, नाकात ऑक्सिजनची नळी, यंत्र दिवसभर घरघरतं. बायको शनिवारी दुकानात कामाला. आणि बर्लची सवय अख्ख्या दरीला माहीत: मावशीच्या दोन रिंगा झाल्या की तो फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवतो आणि झोपतो. जाहिरातवाल्यांनी झोपमोड करू नये म्हणून. दोन रिंगांनंतर त्याच्या दृष्टीने कुणाच्याही फोनला अर्थ नसायचा.

"मी जाते," मी म्हटलं.

"मी पण."

"तुझे गुडघे..."

"गाडी माझ्या गुडघ्यांवर चालते का?" ती सपातांवरच बाहेर पडली.

तो रस्ता मी आयुष्यभर चालवलाय, पण त्या दिवशी प्रत्येक वळण नवं होतं. मागून आवाज येत होता. मालगाडी दूरवरून यावी तसा, पण मालगाडी निघून जाते, हा वाढत होता. मावशी आरशात बघत नव्हती. दोन्ही हात डॅशबोर्डवर रोवून तिचं एकच चाललेलं, "चल. चल. चल."

बर्लच्या ट्रेलरसमोर उतरलो तेव्हा ओढा काठाच्या वर एक हात चढलेला. मागच्या जाळीत त्याचे शिकारी कुत्रे उड्या मारत भुंकत होते. दार उघडंच. मी आत घुसून त्याला गदागदा हलवलं.

"बर्ल! ऊठ! पूर आलाय!"

त्याने एक डोळा उघडला. "झेंडेवाली? तू काय करतेस माझ्या घरात?"

"निघायचंय! आत्ता!"

"दोन रिंगा झाल्यात," तो म्हणाला आणि कूस बदलली. "जा, कंपनीशी भांड जा."

"अरे माणसा, खिडकीतून बघ!"

"ओढा रोजच बघतो मी. ओलेथाने दोन दिल्या. तू ओलेथापेक्षा शहाणी?"

मी त्याचा दंड धरला तर त्याने झटकला. आजारी माणूस, पण हात अजून खाणकामगाराचा. यंत्राची नळी ताणली गेली, त्याला खोकला लागला, ओठ निळे व्हायला लागले. मी ओढून नेला असता तर तो रस्त्यातच गेला असता. आणि तो स्वतःहून उठणार नव्हता, कारण त्याचा जिच्यावर विश्वास होता ती मी नव्हते. पायाखाली गालिचा थंड लागला. पाणी दाराच्या फटीतून आत येत होतं.

तेवढ्यात मावशी दारात उभी राहिली. सपाता भिजून चिंब, कपाळावर पीठ.

"बर्ल."

त्याने मान वळवली.

"मी चुकले," ती म्हणाली. "दोन द्यायला नको होत्या. ऊठ."

 मला वाटलं हा आता शिव्या देणार. पण त्याने नुसते पाय खाली सोडले, पाण्यात. पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "छोटी बाटली पलंगाखाली आहे. आणि कुत्रे सोड, पोरी."

मी ऑक्सिजनची बाटली ओढून काढली, नळी बदलली, मावशीने त्याचा एक हात खांद्यावर घेतला. मागच्या दाराने निघालो. जाळीची कडी वर उचलायला गेले तर पाण्याने दार दाबून धरलेलं. मी लाथा घातल्या, शेवटी कडी तुटली आणि कुत्रे माझ्या अंगावरून उडी मारून चढावर गेले. एक म्हातारी कुत्री मात्र मागे राहिली. तिला मी दोनदा पकडलं आणि दोनदा ती हातातून सुटली. तिसऱ्या वेळी ती दिसलीच नाही.

चढावर पोचेपर्यंत बर्ल तीनदा बसला. प्रत्येक वेळी मावशी त्याच्यासमोर उभी राहून म्हणायची, "श्वास घे. आता पुढचं झाड." खाली ट्रेलर आधी नुसता हलला, मग सावकाश वळला, जणू कुणी गाडी मागे घेतंय, आणि निघाला. आत बॅटरीचा दिवा चालू होता. ट्रेलर खालच्या पुलाखाली जाऊन मोडला तेव्हाच तो विझला. गाडी माझी गेली. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

माणूस एकही गेलं नाही. हे मावशीमुळे की मावशी असूनही, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात.

चर्चच्या तळघरात बैठक झाली. चिखलाचा वास, घडीच्या खुर्च्या, काउंटीचा एक साहेब पांढऱ्या शर्टात. त्याने सांगितलं की साइटवर सूचना दिली होती, नागरिकांनी ब्राउझर अद्ययावत ठेवणं ही त्यांची जबाबदारी आहे.

मी उठलेच. "जबाबदारी? त्या यंत्रावर नवा ब्राउझर चढतच नाही, साहेब! नवं यंत्र कोण देणार, तुम्ही? लायब्ररीची गाडी इथे यायची ती तुम्हीच बंद केली. सूचना दिलीत ती कुठे? साइटवर. जी उघडत नाही त्या साइटवर! ही बाई तुमच्या खात्याचं काम वर्षानुवर्षं फुकट करतेय..."

लोक टाळ्या वाजवायला लागले. मला चेव आला. मी पुढच्या आठवड्याचा मोर्चासुद्धा डोक्यात आखला होता, फलकावर मावशीचा फोटो.

"ड्रेमा, खाली बस," मावशी म्हणाली.

"पण मावशी..."

"बस म्हटलं ना. तुझं खरं आहे, यंत्र जुनं आहे, साहेबांनी माणूस पाठवायला हवा होता. ते तू भांड, मी अडवत नाही. पण माझा फोटो लावू नकोस. त्या यंत्राने मला विचारलं होतं. रोज विचारलं, साठवलेलं दाखवू का म्हणून. मी न वाचता हो म्हटलं. ते कुणी माझ्या अंगावरून काढून घेऊ नका."

 मग मागून कुणीतरी विचारलं, "आता फोन कोण करणार?" साहेब म्हणाले, मोबाइलवर संदेश येतील. यावर एवढे हसले लोक की साहेबांनी आपलाच मोबाइल काढून बघितला, आणि रेघ नाही हे बघून खिशात ठेवला.

बर्ल पहिल्या रांगेत बाटली मांडीवर घेऊन बसला होता. म्हातारी कुत्री सापडली नव्हती आणि त्यानंतर तो मावशीशी एक शब्द बोलला नव्हता. आताही त्याने तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीला म्हणाला, "ती करेल. दुसऱ्या कुणाचा मी उचलणार नाही."

"मग उचलावा लागेल," मावशी म्हणाली. "दोन रिंगा बंद. मी फोन करेन, तुम्ही उचलायचा आणि बोलायचं. मी काय बघितलं आणि ते कोणत्या वेळचं आहे ते सांगेन. तुम्ही तुमच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगायचं. नुसतं माझ्यावर कुणी झोपायचं नाही."

एका सभेत गोळा केलेल्या पैशांतून आम्ही तिला बरा संगणक आणला. मी ब्राउझर बसवला, तो स्वतःला आपोआप नवा करत राहील असं करून दिलं. तिने पान उघडल्यावर सगळ्यात आधी वार वाचला, मोठ्याने. आता दर वेळी वाचते, देवाला हाक मारल्यासारखा.

पावसाच्या दिवशी आमच्या दरीतला फोन आता सकाळभर गुंतलेला असतो. बायका कंटाळतात, मी तर चिडतेच. परवा मी तिच्या टेबलाशी बसले होते, वर ढग जमलेले, आणि ती बर्लशी बोलत होती. तो आता भाचीकडे राहतो, ओढ्यापासून थोडा वर.

"शनिवार, सकाळचं. रेघ आडवी आहे. तुझ्या खिडकीतून ओढ्यातला तो चपटा दगड दिसतो का?"

पलीकडून बर्लचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. "दिसतो."

"कोरडा की ओला?"

"अगं बाई, पाऊस पडतोय! ओलाच असणार!"

"वरून ओला की खालून? ऊठ आणि नीट बघ. मी धरून आहे."

बराच वेळ ती फोन कानाला लावून बसून राहिली. पलीकडे त्याच्या ऑक्सिजनच्या बाटलीच्या गाड्याची चाकं फरशीवरून घरंगळत खिडकीकडे जात होती.